तेहेतीस वर्षं चुकलेली मोजणी: माणसाची गुणसूत्रं आणि मध्यावस्थेचं प्रकरण

प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये मुलं पेशी विभाजनातल्या मध्यावस्थेची जी आकृती काढतात, ती सूक्ष्मदर्शकातून पाहून काढलेली क्वचितच असते. कांद्याच्या मुळाचं टोक आम्लात मऊ करायचं, ॲसिटोकार्मिनमध्ये रंगवायचं, काचपट्टीवर ठेवून वर कव्हरस्लिप आणि टिपकागद, मग अंगठ्याने बेताचा दाब. इथपर्यंत सगळं हौसेनं होतं. पण डोळा भिंगाला लावला की समोर लालसर गोळ्यांचा पसारा दिसतो, आणि त्यात एखाद्याच पेशीत काड्यांची जुडी. ‘किती आहेत मोजा’ म्हटलं की कुणी चौदा म्हणतं, कुणी सतरा. जर्नलमध्ये मात्र सगळ्यांची सोळा. कांद्याची गुणसूत्रं सोळा, हे पुस्तकात छापलेलं असतं ना!

मुलांना हसण्यात अर्थ नाही. माणसाच्या पेशीतली गुणसूत्रं, म्हणजे डीएनएच्या आवळलेल्या काड्या, मोजताना नामवंत पेशीशास्त्रज्ञांनी हेच केलं, आणि तेही १९२३ पासून १९५६ पर्यंत. पुस्तकात ४८ होती म्हणून भिंगाखाली ४८ दिसत राहिली. खरा आकडा ४६. ही चूक कशी झाली, का टिकली आणि कशी सुटली हे पाहताना सूत्री विभाजनाच्या अवस्था जेवढ्या कळतात, तेवढ्या त्या चार गोल आकृत्या घोकून कळत नाहीत, असं शिकवता शिकवता माझं मत झालं आहे. म्हणून हे एकच प्रकरण, जरा निवांतपणे.

मोजायचं कुठल्या घडीला?

पेशी विभागताना आत काय चालतं हे पहिल्यांदा नीट पाहिलं आणि काढलं ते जर्मनीतल्या कील विद्यापीठातल्या वाल्थर फ्लेमिंगने. (पेनिसिलिनवाला फ्लेमिंग वेगळा, परीक्षेत दोघांची गल्लत हमखास होते.) सॅलॅमँडरच्या अळ्यांच्या पेशी मोठ्या असतात. नव्याने निघालेले ॲनिलीन रंग केंद्रकातल्या पदार्थावर छान चढतात. या दोन्हींचा फायदा घेऊन त्याने १८८२ मध्ये सगळा क्रम पुस्तकात मांडला. धाग्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याने ‘मायटॉसिस’ हे नाव दिलं. आपल्याकडे सूत्री विभाजन म्हणताना तेच सूत आपण हातात धरतो. गुणसूत्रासाठीचा ‘क्रोमोसोम’ हा शब्द मात्र त्याचा नाही. तो १८८८ मध्ये वाल्डायरने दिला. फ्लेमिंगने माणसाच्या डोळ्याच्या बुबुळावरल्या पेशींतलं विभाजनही रेखाटलं, पण तिथे गुणसूत्रं इतकी बारीक आणि दाटीची की त्याचा अंदाज चोवीसच्या आसपासच घुटमळला. खऱ्या संख्येच्या निम्मा.

अडचण कुठे होती ते पाहू. एरवी, म्हणजे विभाजन चालू नसताना, पेशीत गुणसूत्रं मोजायला सापडतच नाहीत. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर सुमारे दोन मीटर भरेल, आणि तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान केंद्रकात बसलेला असतो. लांबच लांब, सुटं, एकमेकांत मिसळलेलं सूत. फणीत अडकलेल्या गुंतवळातले केस मोजता येतील का? तसंच ते.

विभाजनाच्या आधीच या सगळ्या डीएनएची दुसरी प्रत तयार होते. मग पूर्वावस्थेत हे सूत आवळायला लागतं. वळ्यावर वळा पडत आखूड आणि जाड होतं. आता प्रत्येक गुणसूत्र म्हणजे दोन हुबेहूब अर्धसूत्रांची जोडी असते. दोघांना प्रथिनांच्या कड्यांनी एकत्र धरून ठेवलेलं असतं आणि गुणसूत्रबिंदूपाशी ही पकड सगळ्यांत घट्ट. पण केंद्रकावरण अजून शाबूत असतं, त्यामुळे सगळी गर्दी एका गोळ्यात. मोजणी करायला ही वेळ वाईट.

पुढे केंद्रकावरण विरघळतं. दोन ध्रुवांकडून चातीच्या आकारात तर्कुतंतू पसरतात. प्रत्येक गुणसूत्राच्या गुणसूत्रबिंदूवर दोन बाजूंना प्रथिनांची एकेक चकती असते. एक चकती एका ध्रुवाकडच्या तंतूंनी पकडायची, दुसरी समोरच्या. दोन्हीकडून ओढ बसली की गुणसूत्र मधोमध येऊन थांबतं. सगळी अशी ओळीत आली की ती मध्यावस्था. याच वेळी गुणसूत्रं सर्वांत आखूड आणि रेखीव असतात. मोजायची तर आत्ताच.

कारण पुढची पायरी डोळ्यांदेखत निसटते. पश्चावस्थेत ती कडी कापली जातात, अर्धसूत्रं सुटतात आणि विरुद्ध ध्रुवांकडे ओढली जातात. आता पेशीत दुप्पट, म्हणजे ९२ स्वतंत्र गुणसूत्रं असतात, आणि ती दोन घट्ट घोळक्यांत. अंत्यावस्थेत दोन्ही घोळक्यांभोवती नवी आवरणं येतात, सूत पुन्हा सैल होतं आणि पेशीद्रव्यही दोन भागांत वाटलं जातं. प्राण्यांच्या पेशीत कंबरेला दोरी आवळावी तशी खाच पडते. वनस्पतीत मधोमध नवी भिंत उभी राहते. (कांद्याच्या आकृतीत तारककेंद्र, म्हणजे प्राण्यांच्या पेशीत ध्रुवापाशी असणारा ठिपका, काढणाऱ्यांनी इथे थांबावं. कांद्याला तारककेंद्र नसतं. चाती त्याच्याशिवायच तयार होते. माझ्याकडे दरवर्षी निम्म्या जर्नलांत ते असतं.)

तर मोजणीची खिडकी एकच, मध्यावस्था. ती अरुंद. संवर्धनात वाढवलेल्या मानवी पेशीचं एक चक्र ढोबळमानाने २४ तासांचं असतं आणि त्यातला विभाजनाचा भाग जेमतेम तासाभराचा. म्हणजे जोमाने वाढणाऱ्या शंभर पेशी घेतल्या तरी कुठल्याही क्षणी चार-पाचच विभाजनात सापडणार, आणि त्यातली एखाददुसरी मध्यावस्थेत. ती सापडलीच तर बाजूने दिसते की वरून, यावर पुढचं सगळं. बाजूने पाहिली तर ४६ गुणसूत्रांचा एकच जाड पट्टा. वरून पाहिली तर फुलासारखं रिंगण, पण पाकळ्या एकमेकींवर चढलेल्या. चाती त्यांना दोन्हीकडून ताणून जागच्या जागी दाटीने धरून ठेवते.

क्षण सापडत नाही, गर्दी हटत नाही, आणि थर एकावर एक. तीन वेगवेगळ्या अडचणी, आणि पुढे त्या सुटल्याही तीन वेगवेगळ्या युक्त्यांनी.

पेंटरचे ४८

१९१२ मध्ये बेल्जियमच्या हान्स फॉन विनिवार्टरने पुरुषात ४७ आणि स्त्रीत ४८ गुणसूत्रं असल्याचं मांडलं. पुरुषाला दुसरं लिंगगुणसूत्र नसतंच, असं त्याचं म्हणणं. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या थिओफिलस पेंटरने हे काम पुन्हा हाती घेतलं.

त्याला हवी होती सतत विभागणाऱ्या पेशींची ताजी मानवी ऊती. प्रौढ शरीरात अशा जागा मोजक्या, आणि वृषण ही त्यांतली एक. ती ऊती त्याला मिळाली ऑस्टिनच्या मनोरुग्णालयातल्या तीन पुरुषांकडून, ज्यांचं तिथे वृषणछेदन करण्यात आलं होतं. त्या शस्त्रक्रियेचं समर्थन आज कुणी करणार नाही. त्या तिघांना कुणी काही विचारलं असेल असंही वाटत नाही. आकडा चुकला ही या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक म्हणता येत नाही, एवढं नोंदवून पुढे जातो.

पेंटर हाताने कच्चा नव्हता. माणसात एक्सबरोबर छोटंसं वाय गुणसूत्र असतं हे त्यानेच दाखवलं, आणि ते बरोबर निघालं. पण त्या काळची रीत म्हणजे ऊती मेणात बसवायची आणि पात्याने पातळ काप काढायचे. आता विचार करा. मध्यावस्थेतली पेशी, आत दाटीने बसलेली गुणसूत्रं, आणि त्यातून आडवं-तिडवं पातं गेलेलं. एखादं लांब गुणसूत्र दोन कापांत वाटलं गेलं की ते दोनदा मोजलं जाणार. दोन गुणसूत्रं एकमेकांवर असली की एकच मोजलं जाणार. चूक दोन्ही दिशांना होऊ शकते, आणि कुठली कुठे झाली हे ओळखायला काही साधन नाही. समोर फोटोसुद्धा नाही. भिंगातून पाहत पाहत हाताने रेखाटन.

१९२१ च्या प्राथमिक वृत्तांतात त्याने स्वतःच म्हटलं होतं की मोजणी ४५ ते ४८ च्या दरम्यान येते आणि सर्वांत स्पष्ट दिसणाऱ्या पेशींत ४६ भरतात. उत्तर हातात होतं! १९२३ च्या सविस्तर निबंधात मात्र त्याने ४८ वर शिक्का मारला. का? मनातलं कुणी सांगू शकत नाही, पण मला एक हिशेब नेहमी खुणावतो. विनिवार्टरच्या पुरुषातल्या ४७ मध्ये पेंटरला सापडलेला वाय मिळवला की बरोबर ४८ होतात, आणि स्त्रीच्या ४८ शीही ते जुळतं. आकडे असे एकमेकांत चपखल बसले की भिंगाखालच्या धूसर काडीला दोन म्हणण्याचा मोह कुणाला होणार नाही?

त्यानंतर पाचामुखी परमेश्वर. पुढच्या तीस वर्षांत अनेकांनी मोजलं आणि ४८ च आलं. ज्याला ४६ दिसली त्याने आपली काचपट्टी खराब मानली. स्वीडनमध्ये लुंडला मेलँडर दांपत्य आणि त्यांचे सहकारी मानवी भ्रूणाच्या यकृतातल्या पेशी पाहत होते. त्यांना पुन्हा पुन्हा ४६ मिळत गेली. उरलेली दोन सापडत नाहीत म्हणून त्यांनी ते काम बाजूला ठेवलं. मुलांना मी पेंटरपेक्षा हाच प्रसंग सांगतो. पेंटरची निदान काचपट्टी वाईट होती. यांची चांगली होती, आणि तरीही.

साबुदाणा भिजवण्याइतकं पाणी

गर्दीची अडचण सुटली ती चुकून. टेक्सासमध्येच गॅल्व्हेस्टनला टी. सी. शू नावाचा चीनमधून आलेला तरुण संशोधक मानवी भ्रूणाच्या पेशी काचेत वाढवत होता. १९५२ मध्ये एके दिवशी त्याच्या काचपट्टीवर गुणसूत्रं सुटी सुटी, पसरलेली दिसली. त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. कुणाला काही न सांगता तो बाहेर चक्कर मारून आला, कॉफी घेतली, परत येऊन पाहिलं. गुणसूत्रं तशीच पसरलेली. पुन्हा तसं करायला गेला, तर काही केल्या होईना. तीनेक महिने एकेक गोष्ट बदलून पाहिल्यावर उलगडा झाला. पेशी धुण्याच्या खारट द्रावणात कुणाच्या तरी हातून पाणी जास्त पडलं होतं. द्रावण पेशीच्या आतल्यापेक्षा फिकं झालं, पाणी आत शिरलं, पेशी फुगली आणि आतली गुणसूत्रं एकमेकांपासून दूर सरकली.

साबुदाणा भिजवताना पाण्याचा जो अंदाज लागतो, तोच इथे. पाणी कमी पडलं तर दाणे एकमेकांना चिकटलेले. जास्त झालं तर लगदा. पेशी फार फुगली की फुटते आणि एखादं-दुसरं गुणसूत्र वाहून जातं, मग मोजणी ४६ च्या खाली येते. बेताचं पाणी पडलं तर दाणा न् दाणा मोकळा.

आता गंमत अशी की एवढ्या सुंदर काचपट्ट्या हातात असूनही शूने त्या वर्षीच्या निबंधात माणसाची गुणसूत्रं ४८ च लिहिली. हे त्याला पुढे आयुष्यभर खुपत राहिलं आणि त्याने ते मोकळेपणाने लिहूनही ठेवलं.

कांदा, बटाटा आणि कळलावी

उरलेल्या दोन अडचणी वनस्पतीवाल्यांनी सोडवल्या होत्या. वैद्यकातल्या लोकांना त्याचा पत्ता नव्हता असं नाही, पण कांद्याच्या मुळावर चालणाऱ्या युक्तीचा माणसाशी काय संबंध, असा एकूण भाव असावा.

कॉल्चिसीन हे युरोपातल्या कॉल्चिकम या कंदातून मिळणारं विषारी द्रव्य. सांधे सुजणाऱ्या गाउट नावाच्या दुखण्यावर त्याचा वापर फार जुना. आपल्याकडे तेच द्रव्य कळलावीत असतं. पावसाळ्यात सह्याद्रीत, कुंपणांवर, ज्वाळेसारख्या लाल-पिवळ्या पाकळ्यांची ही वेल दिसते. बाळंतिणीच्या कळा आणण्यासाठी जुन्या काळी कंद वापरत, म्हणून नाव कळलावी. फूल पाहावं आणि पुढे जावं. कंद पोटात गेला तर माणूस मरू शकतो, आणि मरतो तो बऱ्याच अंशी याच कारणाने की शरीरातल्या विभागणाऱ्या पेशी जागच्या जागी अडकतात.

त्या का अडकतात हे समजलं की मध्यावस्था समजली. तर्कुतंतू ज्या प्रथिनाचे बनतात त्या ट्युब्युलिनला कॉल्चिसीन चिकटतं, आणि मग नवे तंतू विणले जात नाहीत. चाती मोडते. गुणसूत्रं आवळून तयार असतात, पण त्यांना ओढून नेणारं कुणी नसतं. अशा वेळी पेशी पुढे जात नाही, वाट पाहते. एसटीचा कंडक्टर शेवटचा माणूस आत चढेपर्यंत डबल बेल देत नाही, तसं. ज्या गुणसूत्राची चकती अजून तंतूला जोडली गेलेली नाही तिथून ‘थांबा’ असा रासायनिक इशारा सुटत राहतो. असं एक जरी गुणसूत्र उरलं तरी बाकीच्या पंचेचाळीसांची कडी कापली जात नाहीत. या इशाऱ्याची जनुकं १९९१ मध्ये यीस्टमध्ये सापडली. १९५५ मध्ये त्यांचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. पण परिणाम दिसत होता. कॉल्चिसीन घातलं की विभाजनात शिरलेली प्रत्येक पेशी मध्यावस्थेच्या दारात येऊन थांबते. काही तास थांबलं की एरवी एखाददुसरी सापडणारी पेशी झुंडीने सापडते. वर आणखी फायदा असा की ओढणारे तंतू नसल्यामुळे गुणसूत्रं एका रेषेत दाटत नाहीत, पेशीभर विखुरतात. थांबून थांबून ती आणखी आखूड होतात, बाहू फाकतात, आणि पुस्तकात असतो तसा इंग्रजी एक्सचा आकार येतो.

(हा एक्स म्हणजे गुणसूत्राचा नेहमीचा आकार, अशी पुष्कळांची समजूत असते. तो अडवून धरलेल्या मध्यावस्थेचा आकार आहे. मोकळ्या वाऱ्यावर असं गुणसूत्र बहुधा दिसणारच नाही.)

स्वीडनमधल्या लुंडचा आल्बर्ट लेवान हा वनस्पतींचा पेशीशास्त्रज्ञ. १९३८ मध्ये त्याने कांद्याच्या मुळांवर कॉल्चिसीनचा परिणाम तपासून निबंध लिहिला होता. आमची मुलं प्रयोगशाळेत ज्या मुळांशी झटतात, तीच मुळं. काप काढण्याऐवजी ऊती काचपट्टीवर दाबून एका थरात पसरवायची रीतही वनस्पतीवाल्यांच्या हाताला चांगली बसली होती. पातं नाही, त्यामुळे एका गुणसूत्राचे दोन तुकडेही नाहीत.

त्याच्याकडे सुट्टीत काम करायला येत असे जो हिन त्जियो. जन्म १९१९, जावा बेटावर, चिनी कुटुंबात, वडील फोटोग्राफर. शिक्षण शेतीचं, सुरुवातीचं काम बटाट्याच्या वाणांवर. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी जावा घेतल्यावर तो त्यांच्या छावणीत कैद होता. युद्धानंतर युरोपात आला, स्पेनमध्ये सारागोसाला वनस्पतींच्या पेशीशास्त्राचं काम पाहू लागला आणि सवड मिळेल तेव्हा लुंडला जाऊ लागला. म्हणजे माणसाची गुणसूत्रं मोजणारी ही जोडी एक कांद्याचा आणि एक बटाट्याचा जाणकार अशी होती. हे मला फार आवडतं.

२२ डिसेंबर १९५५

ऊती होती मानवी भ्रूणांच्या फुप्फुसातली, काचेत वाढवलेली. त्जियोने तिन्ही युक्त्या एकापाठोपाठ एक लावल्या: कॉल्चिसीनने पेशी मध्यावस्थेत थोपवल्या, फिक्या द्रावणात फुगवल्या, रंगवून काचपट्टीवर दाबल्या. क्षण, गर्दी आणि थर, तिघांचाही बंदोबस्त. वरून त्याने फोटो काढले. फोटोग्राफरचा मुलगा असल्याचा इथे उपयोग झाला असं म्हणायला जागा आहे. त्या फोटोंत गुणसूत्रांच्या कडा खरोखर स्वच्छ आहेत.

त्या रात्री उशिरा प्रयोगशाळेत त्याने मोजलं. ४६. दुसरी पेशी, ४६.

इथे एक साधी पण महत्त्वाची गोष्ट. वाईट काचपट्टीवरचे आकडे सरासरी काढून सुधारत नाहीत. काही पेशींत गुणसूत्रं वाहून जातात, काहींत तुकडे पडतात. दोन्हींची सरासरी काढून काहीच हाती लागत नाही. पाहायचं ते हे की स्वच्छ पसरलेल्या पेशींपैकी बहुतेक पेशी कुठल्या एका आकड्यावर पुन्हा पुन्हा येऊन थांबतात. त्जियो आणि लेवान यांनी चार भ्रूणांपासून केलेल्या २२ संवर्धनांतल्या २६१ पेशी मोजल्या, आणि जवळजवळ सगळ्या ४६ वर थांबल्या.

१९५६ च्या सुरुवातीला ‘हेरेडिटास’ या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. त्यात ‘माणसाची गुणसूत्रं ४६’ असं ठासून सांगायचं त्यांनी टाळलं. आम्हाला एवढ्यावरून सर्वसाधारण नियम करायचा नाही, पण दुसरा कुठला निष्कर्ष काढणं अवघड आहे, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. मेलँडर मंडळींचं सोडून दिलेलं कामही त्यांनी नोंदवलं. आत मात्र वाद झाला. प्रयोगशाळेचा प्रमुख म्हणून पहिलं नाव आपलं असावं असं लेवानला वाटत होतं. त्जियोने ते मान्य केलं नाही. निबंधावर त्जियोचं नाव पहिलं आहे.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये हार्वेलला फोर्ड आणि हॅमर्टन यांनी पेंटरचीच ऊती, म्हणजे वृषण, तपासली, पण वेगळ्या खिडकीतून. शुक्राणू तयार होताना अर्धसूत्री विभाजनात गुणसूत्रांच्या जोड्या जुळतात. त्या जोड्या त्यांनी मोजल्या: २३. दुप्पट केले की ४६. चोवीस जोड्या असत्या तर त्या कुठे लपल्या असत्या?

सत्तेचाळीस

आकडा ४८ चा ४६ झाला तर सामान्य माणसाच्या आयुष्यात काय फरक पडला? याचं उत्तर तीन वर्षांत मिळालं. पॅरिसमध्ये मार्त गोतिएने डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशी वाढवल्या, आणि १९५९ मध्ये लज्यून, गोतिए व तुर्पँ यांनी जाहीर केलं की त्या पेशींत ४७ गुणसूत्रं आहेत. कल्पना करा, सर्वमान्य आकडा अजून ४८ असता तर? ४७ पाहून एक कमी आहे असं वाटलं असतं, आणि सगळे हरवलेल्या गुणसूत्राच्या मागे लागले असते. एक जास्त आहे हे कळायला आधी सामान्य संख्या अचूक हवी होती.

एक जास्त कुठून येतं याचं उत्तर पुन्हा त्या चातीपाशीच. विभाजनात एखादी जोडी सुटलीच नाही आणि दोन्ही प्रती एकाच बाजूला गेल्या की एका पेशीत एक जास्त, दुसरीत एक कमी. डाउन सिंड्रोममध्ये हे बहुतेकदा अंडपेशी तयार होतानाच्या विभाजनात घडतं. क्वचित मात्र गर्भ वाढू लागल्यावर, साध्या सूत्री विभाजनात घडतं, आणि मग त्या मुलाच्या काही पेशींत ४६ आणि काहींत ४७ असतात.

आज मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळांत कॅरिओटाइपसाठी, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीसाठी, रक्त दिलं की आत जे घडतं त्यात त्जियोची ती रात्र जवळजवळ जशीच्या तशी आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी एरवी विभागत नाहीत. त्यांना विभाजनाला लावण्यासाठी राजम्यातून काढलेलं एक प्रथिन घालतात. ही युक्ती १९६० ची. तीनेक दिवस पेशी वाढवायच्या, मग कॉल्चिसीनचाच एक भाऊबंद घालून त्या मध्यावस्थेत अडवायच्या, फिक्या क्षारद्रावणात फुगवायच्या. दाबण्याऐवजी आता थेंब काचपट्टीवर उंचावरून सोडतात. पेशी आपटून पसरते. साधारणपणे वीस पेशी मोजतात, एका पेशीवर निकाल देत नाहीत. वीसांतल्या एखाद्या पेशीत ४५ आली तर अनुभवी माणूस आधी ती पेशी फुटली होती का ते पाहतो. पण ती ४५ आहे हे लिहून ठेवतो.

१९६० मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला मंडळी जमली आणि गुणसूत्रांना मोठ्यापासून लहानापर्यंत १ ते २२ असे क्रमांक दिले, लिंगगुणसूत्रं वेगळी. शेवटची दोन इतकी सारखी की मोठं कुठलं हे डोळ्यांना ठरवणं कठीण होतं. डाउन सिंड्रोममध्ये जास्तीचं असणारं ते २१ वं, असं रूढ झालं. पुढे रंगांचे पट्टे पाडण्याची रीत आली, गुणसूत्रं एकेकटी ओळखू येऊ लागली, आणि दिसलं की डाउनमधलं ते गुणसूत्र सर्वांत लहान आहे. म्हणजे क्रमाने ते २२ वं असायला हवं होतं. तोवर ‘ट्रायसोमी २१’ (२१ वं गुणसूत्र दोनऐवजी तीन) हे नाव दवाखान्यांत, निबंधांत, रुग्णांच्या कागदांवर पक्कं झालं होतं. १९७१ च्या पॅरिस परिषदेत ठरलं की क्रमांक बदलायचा नाही. त्यामुळे आजही माणसाचं २१ वं गुणसूत्र २२ व्याहून लहान आहे.